तांदळवाडीचं दव

तांदळवाडीच्या शिवारात सलग तिसऱ्या हिवाळ्यात दव पडलं नाही, तेव्हा आक्कानं भावाला फोन लावला.

"भागू, कामात हायेस का रं?"

"असू दे, बोल."

"तू हवेतनं पाणी काढणारा इंजिनेर. मला एवढंच सांग, आमच्या हरभऱ्यावर दव का पडंना झालंय?"

भागवत डोईफोडे वडशिंगीच्या माळावर, हवाविहिरीच्या कचेरीत बसला होता. समोरच्या पडद्यावर आदल्या रात्रीचा आकडा होता, चोवीस लाख लिटर. रोजच्यासारखाच. "ढगाळ हवा असेल," तो म्हणाला.

"कुठलं ढग घिऊन बसलास? रातभर चांदण्या लखलखत्यात. थंडी हाय, वारा न्हाई. दव पडायला आनि काय लागतं?"

आणखी काय लागतं, हे भागवत चौदा वर्षं मुलांना शिकवत आला होता. हवेत पुरेशी वाफ लागते. "रविवारी येतो," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला आणि चोवीस लाखांच्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला.

वडशिंगी हे पठारावरचं साठ हजार वस्तीचं गाव. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिथे अकरा-बारा दिवसांनी नळाला पाणी यायचं, आणि मार्च उजाडला की तेही बंद. मग ती भुकटी आली. शोध दुसऱ्याच कुणाचा, लांबच्या प्रयोगशाळेतला. भागवतनं केलं ते एवढंच, की तिथे चिमटीनं तोलली जाणारी ती वस्तू इथे घमेल्यांनी वापरता येईल अशी व्यवस्था बसवली.

त्या भुकटीच्या कणाकणाला रेणूच्या मापाची भोकं होती. चमचाभर भुकटीतल्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या तर फुटबॉलचं मैदान झाकून जाईल. दर शनिवारी भागवत अजूनही महाविद्यालयात केमिकलच्या मुलांना ऊष्मागतिकी शिकवायला जायचा, तेव्हा हे धर्मशाळेच्या भाषेत सांगायचा. "भोकात बसलेल्या पाण्याच्या रेणूला निवारा मिळतो, त्याची ऊर्जा उतरते. पण मोकळीक जाते. बाहेर हिंडणाऱ्याला निवारा नाही, पण जायला हजार वाटा आहेत. एन्ट्रॉपी म्हणजे ही मोकळीक. थंडी पडली की निवाऱ्याचं पारडं जड होतं, ऊन तापलं की मोकळिकीचं. कुठला रेणू आत बसेल आणि कुठला उठून जाईल, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पण शंभर खोल्यांतल्या किती भरतील, ते मी नुसत्या तापमानावरून आणि ओलाव्यावरून सांगतो."

त्या गणितावर माळाच्या कडेनं चाळीस-चाळीस फुटांचे सहाशे मनोरे उभे राहिले. रात्री त्यांच्या झडपा उघडायच्या आणि खोल्या भरायच्या. दिवसा झडपा मिटून ऊन आत घ्यायचं, की पाहुणे बाहेर पडायचे आणि जमिनीखालच्या गार नळ्यांत पाणी होऊन साचायचे. ना नदी, ना धरण, ना विजेचं बिल. लोकांनीच नाव पाडलं, हवाविहीर.

वडशिंगीला रोज पाणी येऊ लागलं. आणि हे पाणी जवळजवळ ऊर्ध्वपातित, क्षार नावालाही नाहीत, म्हणून सरकारी दवाखान्यात डायलिसिसची पाच यंत्रं आली. पूर्वी त्यासाठी सत्तर किलोमीटर जावं लागायचं. भागवतची बायको स्नेहल त्या विभागाची मुख्य परिचारिका होती. तिच्याकडे तेवीस रोगी होते, प्रत्येकाच्या आठवड्याला तीन पाळ्या. त्या तेवीसांतले एक आक्काचे यजमान, सोपानराव गव्हाणे. भागवतचे दाजी.

रविवारी भागवत घाट उतरून तांदळवाडीत गेला. माळ संपतो तिथून जमीन एकदम खाली उतरते आणि काळ्या रानाची मोठी परात लागते. तीन हजार एकर, सगळी कोरडवाहू. पावसानं मुरलेली ओल आणि हिवाळ्यातलं दव, एवढ्यावर तिथला हरभरा पोसला जायचा. आक्का संध्याकाळी हरभऱ्याच्या शेंड्यांवर जुन्या धोतराची पातळ धडपी पसरून ठेवायची. पहाटे ती दवानं आणि पानांच्या खारानं चिंब व्हायची. मग पिळून त्याची आंब बाटल्यांत भरायची. पोटदुखीवर तिच्यासारखं औषध नाही म्हणून लोक दहा-दहा मैलांवरून यायचे.

"ह्या बघ," तिनं फडताळ उघडून दाखवलं. बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. "तीन साल झाली. लोकांना परत लावून लावून कटाळले."

दाजी ओसरीवर बसले होते. पायांवर सूज, चेहरा मातकट. "फुलं गळत्यात, पाव्हणं," ते म्हणाले. "घाटं धरतंय, पर आत दाना भरंना."

भागवत चार दिवस राहिला. उजाडण्याच्या बेताला उठायचा, रानात जाऊन पानाला संवेदक चिकटवायचा, शेजारी हवेचा दवबिंदू मोजायचा. दव ही थोडं थोडं कमी होत जाणारी गोष्ट नाही. पान उघड्या आकाशाखाली निवत जातं, आणि हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊ लागते तिथवर निवलं, तर दव पडतं. अर्धा अंश अलीकडे थांबलं, तर एक थेंबही नाही. पानाचं तापमान आलं नऊ पूर्णांक चार. हवेचा दवबिंदू आला सात पूर्णांक आठ. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही जवळपास तेच.

चौथ्या दिवशी तो पहाटे माळ ओलांडून मनोऱ्यांच्या पलीकडे गेला, जिथून रात्रीची गार हवा येते त्या बाजूला. तिथल्या गवतातून चालताना त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. दवबिंदू दहा.

तो तिथेच बांधावर बसला. चूक कुठे झाली ते त्याला लगेच कळलं, शोधावी लागली नाही. प्रकल्पाच्या अहवालात त्यानंच लिहिलं होतं, की गावावरच्या हवेतल्या पाण्याचा शंभरावा हिस्साही आपण घेणार नाही. ते खोटं नव्हतं. त्यानं किलोमीटरभर उंचीची हवा धरली होती आणि तिची सरासरी काढली होती. पण हिवाळ्यातल्या रात्री हवा मिसळलेली नसते. थरावर थर निजलेले असतात, आणि अगदी जमिनीलगतचा चाळीस-पन्नास फुटांचा गार थर पाण्यासारखा उताराला लागतो. माळावरून खाली, तांदळवाडीकडे. तो सगळाच्या सगळा थर मनोऱ्यांतून गाळून जात होता. जिथे समतोल नाही तिथे सरासरी काढू नका, असं तो दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे.

खाली आल्यावर त्यानं आक्काला गोठ्याशी गाठून सगळं सांगितलं. ती शेणाचे हात तसेच धरून ऐकत राहिली.

"म्हंजी आमचं दव तुमच्या नळाला जातंय."

"हो."

"आनि दवाखान्यात?"

"तेच पाणी."

तिनं ओसरीकडे बघितलं. दाजी डोळे मिटून भिंतीला टेकले होते. "ह्यांना सांगू नकोस," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांचा स्वभाव तुला ठावं हाय. उद्यापास्नं गाडीत बसायचे न्हाईत."

भागवत वडशिंगीला परतला आणि नगरपालिकेच्या मुख्याधिकारी अमृता वाघचौरे यांच्यापुढे कागद ठेवले. बाई चांगल्या होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचले, आकड्यांवर बोट ठेवून प्रश्न विचारले, मग चष्मा काढून डोळे चोळले.

"डोईफोडे, मी तुम्हाला खोटं पाडत नाही. पण साठ हजार माणसं आहेत. हिवाळाभर झडपा बंद ठेवायच्या म्हणजे पुन्हा टँकर. वरच्या गल्लीतल्या बायका मला जिवंत सोडतील का?"

"नाही सोडणार."

"मग मी काय करू ते तरी सांगा."

भागवतनं फक्त एक विचारलं, तांदळवाडीला हे कळवायचं की नाही. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नगरपालिका कळवणार नाही. तुम्ही तिथले जावई नाही, पण मेहुणे आहात. तुमचं तोंड मी धरू शकत नाही."

त्यावर घरी स्नेहलशी त्याची वादावादी झाली. भांडण म्हणण्याइतकं बळ दोघांतही नव्हतं. ती दहा तास उभी राहून आली होती. "सांगशील, मग गावकरी काठ्या घेऊन मनोऱ्यांवर येतील," ती म्हणाली. "माझ्या डायलिसिसच्या खुर्च्यांवरच्या माणसांना मी काय पाजू?"

"न सांगता मी दाजींसमोर जेवायला कसा बसू?"

"बसतोयस की तीन वर्षं."

"तीन वर्षं मला माहीत नव्हतं."

स्नेहलनं ताट उचललं. "माझं ऐकून तू थांबणार नाहीस," ती दमून म्हणाली. "जा मग."

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. भागवतनं उभं राहून सगळं सांगितलं, स्वतःच्या अहवालातली चूकसुद्धा. तो बोलून थांबला तेव्हा आधी कुणाला काही उमजलंच नाही, आणि उमजलं तेव्हा एकच गलका झाला. कुणी म्हणालं कोर्टात चला, कुणी म्हणालं कोर्ट कशाला, आजच ट्रॅक्टर काढा. एकानं भागवतकडे बोट करून विचारलं, "आनि हा आपल्या गावचा पाव्हणा?" आक्का बायकांत बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला.

मागून काठी टेकत दाजी उठले. भागवतला ते आलेत हेही माहीत नव्हतं.

"ट्रॅक्टर मागनं काढा," ते म्हणाले. धाप लागत होती म्हणून तुकड्या-तुकड्यानं बोलत होते. "मी त्या यंत्रापाशी आठवड्यातनं तीनदा आडवा पडतो. नळीतनं पाणी जातंय ते दिसतंय मला. आनि घरी हिच्या बाटल्या रिकाम्या. मी काय येडा हाय का? मला ठावं हाय कवापास्नं." मग भागवतकडे वळले. "पाव्हणं, तुमी एवढं मोजलं. हरभऱ्याला दव किती राती लागतं, हे इचारलं का कुनाला?"

भागवतनं मान हलवली. नव्हतं विचारलं.

"फुलोरा सुरू झाल्यापास्नं घाटं भरंपतूर. ईस राती. त्याच्या आदी न्हाई, मागनं न्हाई. ईस राती दव गावलं तर पीक उभं ऱ्हातं. बाकी सालभर घ्या की तुमची हवा."

मागच्या बाजूला एक म्हातारा म्हणाला, "ईस म्हंजी बराबर हाय."

वाघचौरेबाईंनी वीस रात्री मान्य केल्या. त्यासाठी त्यांना सर्वसाधारण सभेत चार तास शिव्या खाव्या लागल्या. डिसेंबरच्या अखेरीस सहाशे मनोऱ्यांच्या झडपा मिटल्या. वडशिंगीत टँकर फिरू लागले, वरच्या गल्लीत पुन्हा हंड्यांच्या रांगा लागल्या. भागवत रस्त्यानं जाताना बायका मुद्दाम ऐकू जाईल असं बोलायच्या. तो ऐकून घ्यायचा.

दवाखान्याची अडचण वेगळी होती. टँकरचं पाणी खारट. ते शुद्ध करायला पूर्वीचं एक लहान यंत्र अडगळीत होतं. मनोऱ्यांचं पाणी मिळत असताना मोठं यंत्र घ्यायची गरज कुणाला वाटली नव्हती. ते अडगळीतलं यंत्र रात्रंदिवस चालवूनही तीन पाळ्यांचं पाणी पुरं पडेना. पाणी साठवून ठेवावं तर त्यात जंतू धरतात, आणि हे पाणी थेट रक्ताशी खेळणार. डॉक्टरांनी ठरवलं, वीस दिवस दोन-दोन पाळ्या. खाण्यापिण्याचं पथ्य कडक ठेवायचं.

"थंडीचे दिवस आहेत, घाम नाही, पाणी अंगातच साचतं म्हणून काळजी जास्त," स्नेहल भागवतला म्हणाली. "पण बहुतेकांना निभावतं."

"बहुतेकांना?"

"बहुतेकांना," ती म्हणाली. "याहून मला काही सांगता येत नाही."

झडपा मिटल्याच्या दुसऱ्या पहाटे तांदळवाडीच्या रानात दव पडलं. आक्कानं फोन केला तेव्हा ती हसत होती की रडत होती ते भागवतला समजलं नाही. "ढेकळं सुदिक भिजल्यात रं," ती म्हणाली. "ह्यांना धरून बांधापतूर नेलं मी. पायात काही न घालता उभं ऱ्हायले, हाला म्हटलं तरी हालंनात."

सोळाव्या दिवशी, रविवारी सकाळी, दाजींना श्वास घेता येईना. गुरुवारी पाळी झाली होती, पुढची सोमवारी होती. गावातल्या जीपमध्ये घालून त्यांना वर आणत होते. घाटाच्या तिसऱ्या वळणावर आक्कानं चालकाला गाडी थांबवायला सांगितली, आता घाई करायचं काही राहिलं नाही म्हणून.

स्नेहलनं कागदपत्रं केली. घरी आल्यावर ती पायऱ्यांवरच बसली. "तीन पाळ्या असतानाही असं होतं," ती म्हणाली. "दोन पाळ्यांमधल्या लांबच्या खंडात हृदय थांबतं. गेल्या वर्षी दोघं गेले, तेव्हा पाणी भरपूर होतं."

"म्हणजे हे पाळी कमी केल्यानं झालं नाही?"

"तसंही मी म्हणत नाही." तिनं त्याच्याकडे बघितलं. "भागवत, ते कुणालाच कळणार नाही. तू शोधू नकोस."

वीस रात्रींपैकी सात ढगाळ निघाल्या, तेरा रात्री दव पडलं. हरभरा अगदी भरघोस नाही, पण पिकला.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी भागवत वर्गात उभा होता. सांख्यिकीय ऊष्मागतिकीचं पहिलं प्रकरण. हा तास त्यानं इतक्या वेळा घेतला होता, की तोंड आपोआप चालायचं. "एका रेणूला तापमान नसतं," तो सांगत होता. "दाब नसतो. तो कुठे आहे, किती वेगानं चाललाय, आपल्याला काही सांगता येत नाही. हे सगळं शास्त्र जमावाचं आहे. एका रेणूचं काय होतं हे आपल्याला माहीत नसतं, आणि माहीत असायची गरजही..."

तो थांबला. मुलांना वाटलं, पुढे आकृती काढणार. खडू हातात धरून तो फळ्याकडे वळला आणि उभाच राहिला. मग त्यानं आकृतीऐवजी लिहिलं, २३. त्याखाली, आठवड्याला तीन. त्याखाली, एका पाळीला लागणारं पाणी, धुण्यापुसण्यासकट तीनशे लिटर. दिवसाला तीन हजार लिटर, त्यावर दवाखान्याचा इतर वापर धरून बारा हजार. शेजारी त्यानं चोवीस लाखांना सहाशेनं भागलं. एका मनोऱ्याचं रोजचं पाणी चार हजार लिटर.

बारा भागिले चार.

"सर, हा कुठल्या प्रकरणातला प्रश्न आहे?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"कुठल्याच नाही," भागवत म्हणाला. "उत्तर तीन."

सहाशेपैकी पाचशे सत्त्याण्णव मिटले असते तरी दव पडलं असतं. तीन मनोऱ्यांनी आकाशात काडीचाही फरक पडला नसता. ते तीन उघडे ठेवायचे, त्यांचं पाणी रोज टँकरनं दवाखान्यात न्यायचं. एवढी साधी गोष्ट. तिला यंत्र लागत नव्हतं, सभेची मंजुरी लागत नव्हती. फक्त कुणीतरी तेवीस माणसांचं वेगळं गणित मांडायला हवं होतं. त्यानं साठ हजारांचं मांडलं होतं, तीन हजार एकरांचं मांडलं होतं. ज्यात दाजी बसत होते ते मांडायचं राहून गेलं होतं. त्यानं मुलांना तास संपल्याचं सांगितलं. घड्याळात पंचवीस मिनिटं बाकी होती.

हे त्यानं स्नेहलला त्याच दिवशी सांगितलं. तिनं ऐकलं आणि तो झोपेपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. आक्काला सांगायला मात्र त्याला आठ महिने लागले.

कार्तिकात पुन्हा वीस रात्रींचा विषय निघाला. भागवत मोटारसायकल काढून तांदळवाडीला गेला. आक्का अंगणात सुपात लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करत बसली होती. एकट्या माणसाच्या घरात असतं तसं सगळं जागच्या जागी होतं. तिनं पाणी दिलं. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि कुठलीही प्रस्तावना न करता सांगून टाकलं.

"तीनच?" आक्कानं विचारलं.

"तीनच."

तिचे हात थांबले. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाले. कोंबड्या येऊन सालपटं टोचू लागल्या, तिनं त्यांना हाकललं नाही.

"तवा तुला सुचलं न्हाई."

"नाही सुचलं, आक्का."

"मलाबी न्हाई सुचलं," ती म्हणाली. "मी म्हनाले का, भागू, दवाखान्यापुरतं सोड म्हनून? मी दवाच्याच नादात होते." तिनं एक पाकळी फोडली, ती किडकी निघाली, बाजूला टाकली. "त्यांनाबी न्हाई सुचलं. ईस राती एवढंच त्यांच्या डोक्यात. मग यंदा ती तीन चालू ठिवायची, आनि काय."

"ठेवायची आहेतच. पण एक अडचण आहे." हे बोलायलाच तो खरं तर आला होता, आणि वाटभर जुळवलेली वाक्यं आता त्याला आठवत नव्हती. "टँकर लागायचा तर रस्त्याकडेचेच मनोरे घ्यावे लागतात. बाकीच्यांपर्यंत गाडी जात नाही. तिथले तीन म्हणजे ओघळीच्या तोंडावरचे. तिथली गार हवा पसरत नाही, ओघळीतूनच सरळ खाली उतरते."

"आमच्या रानात."

"तुझ्या चार एकरांत. बाकी शिवारात दव पडेल. तिथे पडणार नाही." त्यानं खिशातून कागद काढला. "वरच्या अंगाला नवा रस्ता करता येईल. मी अर्ज केलाय. पण ते यंदा होत नाही. पुढच्या सालीही होईल की नाही, सांगवत नाही. यंदापुरतं दवाखान्याला दोन पाळ्यांवर ठेवून..."

"गप ऱ्हा," आक्का म्हणाली.

तिनं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि रानाच्या दिशेनं बघत राहिली. अंगणातून रान दिसत नव्हतं, मध्ये शेजाऱ्याची भिंत होती.

"त्यांच्या खुर्चीवर आता कोन असतंय?"

"ढोबळ्यांची सून आहे. सव्वीस वर्षांची. तिला दोन वर्षांची मुलगी आहे."

"कुनाची? रामलिंग ढोबळ्याची?"

"त्याच्या पुतण्याची बायको."

आक्कानं ओळख पटल्यासारखी मान हलवली. मग गुडघ्यावर हात टेकून, भिंतीचा आधार घेत उठली.

"करडईला दव लागत न्हाई," ती म्हणाली. "मुळ्या खोल जात्यात तिच्या. हरभरा न्हाई तर करडई टाकते. काटं लई असत्यात, काढायला मानूस मिळत न्हाई, पर बघू." दारात थांबून तिनं मागे वळून विचारलं, "गाडी आनलीयास न्हवं?"

"आणलीय."

"उद्या बाजार हाय. बी आनाय लागंल. मग आज ऱ्हातोस का? स्नेहलला फोन करून सांग. भाकरी टाकते."

भागवतनं फोन केला. भाकरी, लसणाची चटणी आणि पातळ आमटी, असं दुपारचं जेवण झालं. जेवून तो ओसरीवर आडवा झाला, घटकाभर पाठ टेकावी एवढ्याच हेतूनं. गेले कित्येक महिने त्याला सलग दोन तासही झोप लागली नव्हती. आक्का भांडी घासून आली तेव्हा तो तोंड उघडं टाकून, गाढ झोपला होता. चार वाजले, पाच वाजले. शेजारची बाई हाक मारत आली, तर आक्कानं तिला अंगणातूनच हातानं परत लावलं, आणि भावाच्या पायाशी सूप घेऊन पुन्हा लसूण निवडत बसली.